वाचक विचारतात: चार देश, एक सॅक आणि विटेएवढं जाड पुस्तक

मागच्या अंकात मी सहज एका ओळीत लिहून गेले होते की लांबच्या प्रवासाला निघताना मी अजूनही छापील गाइडबुक घेते, तर त्यावरच एवढी पत्रं आणि मेसेज आले की बाकीचे प्रश्न (व्हिसाच्या बँक स्टेटमेंटवाले, बुटांवाले, सॅकच्या लिटरवाले) पुढच्या महिन्यावर ढकलतेय. या वेळी फक्त पुस्तकं.

प्रश्न: ताई, मी 26 वर्षांचा आहे, मूळचा नाशिकचा, सध्या पुण्यात आयटीत. एक नोकरी सोडून दुसरी जॉइन करायच्या आधी अडीच महिने मोकळे मिळतायत. थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि कंबोडिया करायचा विचार आहे, जायचं-यायचं विमान सोडून दीड लाखात बसवायचंय. पुस्तक घ्यायचं ठरवलंय पण दुकानात गेलो तर डोकं फिरलं. लोनली प्लॅनेट घेऊ की रफ गाइड? चारही देशांचं एकच जाड घेऊ की चार वेगळी? नवीन महाग आहे, मित्राकडे 2018 सालचं पडलंय ते चालेल का?

उत्तर: अरे, तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे म्हणून तिथूनच सुरुवात करते. गाइडबुक हातात आलं की आधी कव्हर बघायचं नाही, आतलं बारीक अक्षरांचं पान उघडायचं जिथे आवृत्ती आणि साल छापलेलं असतं. आणि त्या सालातून अजून एक वर्ष वजा करायचं, कारण लिहिणारा माणूस फिरून येणार, लिहिणार, नकाशे होणार, छपाई होणार, मग ते दुकानात येणार, म्हणजे नवंकोरं पुस्तकसुद्धा आतून वर्षभर शिळं असतंच.

हे मी शिकले ते बँकॉकमधे, धावत. 2023चा फेब्रुवारी होता, माझ्याकडे असंच कोणाचं तरी जुनं पुस्तक होतं आणि त्यात स्वच्छ लिहिलेलं की उत्तर थायलंडातल्या चियांग माईची रात्रीची गाडी हुआ लाम्फोंग स्टेशनातून सुटते. गेले. स्टेशन जागेवर होतं, 1916 सालची ती मोठी कमान, रंगीत काचा, सगळं फोटोतल्यासारखं, फक्त आत माणसंच नव्हती फारशी. बाकड्यावर बसून संत्रं सोललं, अर्धं खाल्लं, मग शेजारच्या बाईंनी माझं तिकीट मागून घेतलं, बघितलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी संत्रं खाली ठेवलं. झालं होतं असं की त्याच वर्षी 19 जानेवारीला लांब पल्ल्याच्या जवळजवळ सगळ्या गाड्या तिथून हलवून बांग सू भागातल्या नव्या स्टेशनात नेल्या होत्या, क्रुंग थेप अफिवात त्याचं नाव. आणि गंमत म्हणजे तिकिटावर ते नाव छापलेलं होतं, मी वाचलंही होतं, पण थाई लोक बँकॉकलाच क्रुंग थेप म्हणतात हे मला त्याच पुस्तकातून कळलेलं त्यामुळे मला वाटलं शहराचं नाव लिहिलंय. अर्धवट ज्ञान! नशिबाने दोन्ही स्टेशनांना जोडणारी एकच मेट्रो आहे, पोचले कशीबशी, संत्र्याची सालं जॅकेटच्या खिशात तशीच.

तर मित्राचं 2018चं पुस्तक चालेल का? चालेल, पण कशासाठी ते कळलं पाहिजे. त्या पुस्तकात लाओसमधली रेल्वे नाही. राजधानी व्हिएन्शानहून लुआंग प्राबांगला जायला डोंगरातून बसने पूर्ण दिवस जायचा, ते आता दोन तासांच्या आसपास होतं कारण 2021च्या डिसेंबरात चीनच्या हद्दीपर्यंत नवी रेल्वे सुरू झाली. कंबोडियातल्या सिएम रीपचा विमानतळ त्या पुस्तकात गावाला खेटून आहे, प्रत्यक्षात 2023च्या ऑक्टोबरपासून नवा झालाय आणि तो चाळीसेक किलोमीटर लांब, म्हणजे टुकटुकचा हिशोबच बदलला. लाओसच्या चलनात, किपमधे, लिहिलेले भाव तर वाचूच नकोस, 2021च्या सुरुवातीला डॉलरला नऊ हजारांच्या आसपास किप मिळायचे, दोन-तीन वर्षांत वीस हजारांच्या वर गेले. सिएम रीपजवळच्या अंकोरच्या देवळांचं तिकीट मात्र 2017च्या फेब्रुवारीत वाढलं ते एका दिवसाला 37 डॉलर, तीन दिवसांना 62, त्यामुळे त्याच्याही आधीचं पुस्तक कोणी देऊ केलं तर त्यात 20 डॉलर बघून खूश होऊ नकोस.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी नव्या पुस्तकातही नसेल. बँकॉकहून बसने अरण्यप्रथेत या हद्दीजवळच्या थाई गावी, तिथून चालत पोइपेटची हद्द ओलांडून सिएम रीप, हा या भागातल्या सॅकवाल्यांचा पायाखालचा रस्ता, दरेक गाइडबुकात त्याला चौकट असते, पोइपेटचे व्हिसा-दलाल कसे फसवतात त्याच्यासकट. पण थायलंड-कंबोडियाचं भांडण पेटलं आणि 2025च्या जूनमधे तिथले नाके बंद झाले, जुलैत तर सीमेवर तोफा चालल्या. त्यामुळे तू निघायच्या आठवड्यात काय परिस्थिती आहे हे बातम्यांत बघायचं, पुस्तकात नाही. मी तुझ्या जागी असते तर रस्ताच असा आखला असता की या हद्दीवर काही अडणारच नाही: बँकॉक, चियांग माई, तिथून लाओस, मग व्हिएतनाम वरून खाली, मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या चाउ डॉकहून बोटीने कंबोडियाची राजधानी नॉम पेन, शेवटी अंकोर आणि परत विमानाने.

मग पुस्तकात उरलं काय? भरपूर उरलं रे. गंमत अशी की जे लवकर शिळं होतं (भाव, वेळा, फोन नंबर, हॉटेलं) त्यासाठी लोक पुस्तक घेतात आणि जे पन्नास वर्षं टिकतं ते वाचतच नाहीत. लाओसमधल्या हुआय साईहून लुआंग प्राबांगला जाणारी संथ बोट दोन दिवस घेते, मधली रात्र पाक बेंग नावाच्या खेड्यात काढायची, हे आजही तसंच आहे. लुआंग प्राबांग गाव मेकाँग आणि नाम खान या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे त्यामुळे तिथे हरवायला होत नाही, हेही बदलत नाही. लुआंग प्राबांग ते हनोई बस 24 तास किंवा जास्त घेते आणि अंग मोडतं, हे एजंट सांगत नाही, पुस्तक सांगतं. व्हिएतनामच्या वीस हजार आणि पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर प्लास्टिकच्या असतात, अंधारात रिक्षावाल्याला... तुला कळलं. मध्य व्हिएतनामचा पाऊस आपल्यासारखा जूनला येत नाही, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात झोडपतो, म्हणजे थायलंडात मस्त हवा म्हणून तू नोव्हेंबरात निघशील आणि होइ आनला गुडघाभर पाण्यात उभा राहशील. हे सगळं एका बैठकीत, एकमेकांना जोडून, एका माणसाच्या डोक्यातून आलेलं पुस्तकातच मिळतं.

आता ब्रँड. लोनली प्लॅनेट टोनी आणि मॉरीन व्हीलर या नवरा-बायकोने सुरू केलं, लंडनहून आशियातून रखडत ऑस्ट्रेलियाला पोचले आणि 1973 साली स्वतःच पहिलं पुस्तक काढलं. तुला जे हवंय ते, आग्नेय आशिया शूस्ट्रिंगवर (म्हणजे अगदी कमी पैशांत), हे त्यांचं दुसरं, 1975चं, पिवळ्या कव्हरचं, म्हणजे या मार्गावर सॅक घेऊन फिरायचं शास्त्रच त्यातून आलं म्हटलं तरी चालेल. रफ गाइड्स नंतरचं, मार्क एलिंगहॅमने 1982 साली ग्रीसपासून सुरू केलं, त्यांचंही या भागाचं बजेटवालं एकत्र पुस्तक आहे. माझं मत विचारशील तर सीमा, बस, बोट, गावाचा नकाशा यात लोनली प्लॅनेट सोपं पडतं आणि 'हे देऊळ असं का बांधलंय, इथे युद्धात काय झालं' यात रफ गाइड जास्त मन लावून लिहितं. तिसरं ते गुळगुळीत जाड कागदाचं, चित्रांचं, डीके या प्रकाशनाचं असतं, ते घरी सोफ्यावर बसून बघायला सुंदर, पाठीवर वाहायला नाही.

पण माझ्या मतावर जाऊ नकोस, दुकानात अर्धा तास काढ आणि एक युक्ती कर. या दोन्ही कंपन्यांची भारताची पुस्तकं तिथे असतातच. ती उघड आणि आपलं पान काढ. नाशिक बघ, पुणे बघ, वेरूळ-अजिंठा बघ. गंगाघाटाबद्दल काय लिहिलंय, एसटी स्टँडचा घोळ त्यांना कळलाय का (नाशकात कुठली बस कुठल्या स्टँडवरून हे आपल्यालाच कळत नाही ते सोड), आपल्या माणसांबद्दल कुठल्या सुरात बोलतात, आपलं खाणं म्हणजे फक्त 'तिखट' एवढंच लिहून सुटलेत का. जो माणूस तुझ्या गावाबद्दल बरं आणि खरं लिहितो तो लाओसबद्दलही बहुतेक तसंच लिहीत असेल, आणि ज्याने तुझ्या गावाची वाट लावलीय त्याच्या भरवशावर तू पाक बेंगला जाऊ नकोस. मग लुआंग प्राबांगचं पान दोन्ही पुस्तकांत शेजारी शेजारी उघडून वाच. दहा मिनिटांत कळतं आपलं कोणाशी जमेल.

एक जाड की चार वेगळी? अडीच महिन्यांत चार देश म्हणजे दरेकाला अडीच-तीन आठवडे, तुला एकत्रवालंच बरं. त्याची ताकद दोन देशांच्या मधल्या फटीत आहे, म्हणजे कुठला नाका, तिथून पुढे गाडी मिळते का, अशा गोष्टी एकेका देशाच्या पुस्तकात कोपऱ्यात टाकलेल्या असतात. एकाच देशात महिन्याच्या वर राहणार असशील तर त्या देशाचं वेगळं घे. तुझ्या बाबतीत व्हिएतनाम लांबडा आहे, वरपासून खालपर्यंत सोळाशे किलोमीटरच्या वर, तिथे एकत्र पुस्तक मोठी गावं सोडून पळत सुटतं, तर त्याचं वेगळं ई-बुक फोनमधे टाक, कागदी नको.

आता जे दुकानदार सांगणार नाही ते. ही पुस्तकं तुझ्या पासपोर्टसाठी लिहिलेली नाहीत. 'बहुतेक देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही' हे वाक्य ज्या बहुतेकांबद्दल आहे त्यात तू असशीलच असं नाही. व्हिएतनामला कितीतरी युरोपियन लोक नुसते शिक्का मारून आत जातात, आपल्याला ई-व्हिसा लागतो. 2023च्या ऑगस्टपासून तो 90 दिवसांपर्यंत मिळतो ही चांगली गोष्ट, पण तो ठरावीक यादीतल्याच नाक्यांवर चालतो, डोंगरातला एखादा रोमँटिक नाका पुस्तकात वाचून तिथे जाऊन उभा राहिलास तर परत पाठवतील. थायलंडचं उलटं, जुन्या पुस्तकांत आपल्याला 2000 बाथ भरून 15 दिवसांचा व्हिसा, आणि 2023च्या नोव्हेंबरपासून आपल्याला तो माफ केला, नंतर मुदतही वाढवली, शिवाय 2025च्या मे महिन्यापासून येण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरावं लागतं. हे नियम वर्षाला फिरतात. त्यामुळे पुस्तकातलं व्हिसाचं पान सरळ पेन्सिलीने खोडून टाक आणि त्या-त्या देशाच्या सरकारी साइटवर निघायच्या आधी बघ. लाओस-कंबोडियाच्या नाक्यांसाठी पासपोर्ट साइज फोटो आणि कोरे करकरीत डॉलर ठेव, कंबोडियात कोपरा फाटलेली डॉलरची नोट कोणी घेत नाही, आपल्याकडे चिकटपट्टी लावलेली दहाची चालते तसं नाही.

शेवटचं, वजन. ते पुस्तक हजाराच्या आसपास पानांचं असतं आणि त्यात तू जाणारच नाहीस असे सहा-सात देश आहेत. मी काय करते सांगू? पुस्तक घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, ताई चांगलं पुस्तक आहे, कशाला फाडता. मग त्याला समजावलं. त्याने पाठीचा डिंक कटरने चिरला, मी सांगितलेल्या पानांवर चिठ्ठ्या होत्या तिथे गठ्ठे वेगळे केले, म्यानमार-फिलिपिन्स बाजूला, उरलेल्या चार देशांचे चार गठ्ठे, दरेकाला पुढे-मागे पारदर्शक प्लास्टिक आणि स्पायरल. मुलांचे प्रोजेक्ट करतात तसं. चाळीसेक रुपयांना एक. ज्या देशात आहेस तो गठ्ठा बाहेरच्या खिशात, बाकी सॅकच्या तळाला, आणि देश संपला की पुढच्या हॉस्टेलमधे उलट्या दिशेने जाणाऱ्या कोणाला तरी देऊन टाकायचा. लाओस देऊन त्याच्या बदल्यात मी एकदा एका कोरियन मुलीकडून चांगली मच्छरदाणी मिळवलीय.

प्रश्न: मॅडम, राग मानू नका पण या जमान्यात पुस्तक म्हणजे शो-ऑफ आहे. फोनमधे सगळं आहे, फुकट आहे, ताजं आहे. (एक वाचक, जळगाव)

उत्तर: राग कसला, अर्धं बरोबरच आहे तुमचं. गाडीची वेळ, आजचा भाव, हॉस्टेलची जागा, हे फोनच सांगणार. ऑर्गॅनिक मॅप्ससारखं ऑफलाइन नकाशाचं अ‍ॅप तर घ्याच, आणि विकिव्हॉयेज नावाचा विकिपीडियाचा प्रवासवाला भाऊ आहे तो किविक्स अ‍ॅपमधे उतरवून घेता येतो, इंटरनेटशिवाय वाचता येतो, एक पैसा लागत नाही. रेल्वेसाठी सीट सिक्स्टीवन ही एका इंग्रज रेल्वेवेड्या माणसाने वर्षानुवर्षं चालवलेली साइट आहे, हुआ लाम्फोंगला जायच्या आधी मी ती उघडली असती तर वरची गोष्ट घडलीच नसती.

पण फोनला तुम्ही जे विचाराल तेच तो सांगतो. ज्या गावाचं नावच माहीत नाही त्याबद्दल काय विचारणार? पुस्तकात पान उलटताना बाजूचं गाव दिसतं. आणि फोनवर दहा माणसांचे दहा व्हिडिओ बघून झाले की दहाही त्याच धबधब्यावर त्याच दगडावर उभे असतात हे तुम्हीही बघितलं असेल. एवढंच म्हणणं आहे. पुस्तक नको असेल तर नका घेऊ, विकिव्हॉयेज तेवढं उतरवून घ्या, बोटीत दोन दिवस बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते.

प्रश्न: ताई, आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, साताऱ्याचे, माळकरी आहोत. मुलाने बँकॉक आणि व्हिएतनामचं तिकीट काढून दिलंय, तीन आठवडे. आम्ही अजून धट्टेकट्टे आहोत, बसने फिरायची तयारी आहे, महाग टूर नको. शाकाहारासाठी कुठलं गाइडबुक चांगलं? चातुर्मासात आम्ही कांदा-लसूणही खात नाही. (साताऱ्याहून काका)

उत्तर: काका, काकू, नमस्कार. तुमचं पत्र वाचून बरं वाटलं, आधी हे सांगते की खाण्याच्या बाबतीत कुठल्याच इंग्रजी गाइडबुकावर डोळे मिटून विसंबू नका. पासपोर्टसारखंच ताटाचं आहे, ते ताट दुसऱ्या कोणाचं तरी डोळ्यापुढे ठेवून लिहिलेलं असतं. त्यांच्या लेखी भाजीत मांसाचे तुकडे नसले की झालं शाकाहारी, आणि तिकडे मीठ घालावं तसा माशाचा सॉस घालतात, थायलंडात नाम प्ला, व्हिएतनाममधे नुओक माम. वरून दिसत नाही. हॉटेलच्या नावापुढे पानाचं हिरवं चिन्ह असलं तरी विचारायचंच.

पण तुमच्यासाठी खरी आनंदाची बातमी पुस्तकात आतल्या कुठल्या तरी चौकटीत दोन ओळींत असते आणि लोक ती ओलांडून जातात. थायलंडात नुसतं 'मांग्सविरात' म्हटलं तर मांस नाही एवढंच, अंडं येऊ शकतं. पण 'जे' म्हणून एक प्रकार आहे, चिनी बौद्ध परंपरेतला, त्यात मांस-मासे-अंडं-दूध तर नाहीच, कांदा आणि लसूणही नाही! म्हणजे तुमचा चातुर्मासच. अशा दुकानांवर पिवळी पताका असते आणि तिच्यावर लाल अक्षर, इंग्रजी 17 आकड्यासारखं दिसतं, तेवढं चित्र लक्षात ठेवा, थाई वाचता यायची गरज नाही. आणि बहुतेक वर्षी आपल्या नवरात्राच्या आसपासच त्यांचा नऊ दिवसांचा जे-उत्सव असतो, चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस, तेव्हा गेलात तर बँकॉकच्या चायनाटाउनमधे रस्ताभर पिवळ्या पताका दिसतील.

व्हिएतनाममधे शब्द 'चाय', पाटीवर 'कॉम चाय' असं दिसलं की बिनदिक्कत आत शिरा, भात आणि पाच-सहा भाज्या मांडलेल्या असतात, बोट दाखवायचं, ताट भरून मिळतं, खाणावळच म्हणा ना. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक स्वतःच शाकाहार करतात, त्यामुळे पौर्णिमेच्या आसपास जास्त दुकानं मिळतात, पंचांग तर तुमच्याकडे असेलच. फक्त एक, टोफू, सोयाबीन आणि मैद्याचे पदार्थ ते इतके हुबेहूब मांसासारखे करतात की काकूंना घास घशाखाली जाणार नाही. घाबरू नका, खोटं असतं.

पुस्तक घ्यायचंच तर दोन्ही देश असलेलं एकत्र नको तुम्हाला, अक्षर फार बारीक असतं. ई-बुक घ्या, मुलाकडून टॅबमधे टाकून घ्या, अक्षर मोठं करता येतं. आणि 'मासे-मांस-अंडं-माशाचा सॉस नको' एवढं थाई आणि व्हिएतनामीमधे एका कार्डावर मोठ्या अक्षरात छापून घ्या, लॅमिनेट करा. ते पुस्तकाहून जास्त वापराल.

प्रश्न: टेलिग्रामवर सगळ्या गाइडबुकांच्या पीडीएफ फुकट मिळतात. मग विकत का घ्यायचं? (नाव नको, ठाणे)

उत्तर: नाव नको म्हणालात यातच उत्तर आलं. चोरी आहे हा मुद्दा तुम्हाला माहीतच आहे, व्यवहाराचं बोलू. फिरणाऱ्या पीडीएफ कितव्या आवृत्तीच्या आहेत हे बघायला लोक विसरतात, कितीदा नावात नवीन साल टाकलेलं असतं आणि आत दहा वर्षांपूर्वीचं निघतं. हनोई-सायगॉनमधे रस्त्यावर पोरं गळ्यापर्यंत पुस्तकांची चळत घेऊन फिरतात, कव्हर अगदी खरं वाटतं, प्लास्टिकमधे गुंडाळलेलं, आत झेरॉक्स. मी एकदा मोहात पडून घेतलं. अक्षरं ठीक होती, नकाशे मात्र सगळे काळे, जुन्या बाजाराच्या गल्लीच्या जागी शाईचा डाग. पैसे वाचवायचे असतील तर अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुनी आवृत्ती बघा, इतिहास आणि रस्ते त्यातून, बाकी फोनवरून.

प्रश्न: मराठीत असं गाइडबुक का नाही? (वाचक, बेळगाव)

उत्तर: प्रवासवर्णनं आपल्याकडे ढिगाने. पुलंचं 'पूर्वरंग' वाचून पूर्वेकडे जावंसं वाटतं हे खरं, पण त्यात रात्रीची बस कुठून सुटते हे नाही आणि असायची गरजही नाही. गाइडबुक म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी माणूस पुन्हा पाठवून तीच गावं तपासायची, तो खर्च मराठी प्रकाशकाला कसा परवडणार? शिवाय आपल्यातले बरेच जण टूरनेच जातात, जिथे पुस्तकाचं काम टूर मॅनेजर करतो, तेही डब्यातल्या ठेपल्यांसकट. एखाद्याने निदान भारतीय पासपोर्ट आणि शाकाहार धरून चाळीस पानी पुस्तिका काढली तर मी पहिली प्रत घेईन.

प्रश्न: मध्य आशिया करायचाय, उझबेकिस्तान-किर्गिझस्तान. तेच ब्रँड चालतील का?

उत्तर: तिथे ब्रॅट (Bradt) या प्रकाशनाची पुस्तकं बघा. मोठे प्रकाशक जिथे दहा पानांत उरकतात तिथे ब्रॅट अख्खं पुस्तक काढतं. नकाशे साधे आहेत पण लिहिणारे बरेचदा तिथे राहिलेले असतात.

प्रश्न: माझी मुलगी मैत्रिणीबरोबर लाओस-व्हिएतनामला चाललीय. ती नवीन पुस्तक घेऊन जाणार, मी घरी एक जुनं घेऊन ठेवलं तर वेडेपणा होईल का? (एक आई, चिपळूण)

उत्तर: अजिबात नाही, जरूर ठेवा, आणि जुनंच ठेवा, नवीनवर खर्च करू नका, तुम्हाला तिथे गाडी पकडायची नाहीये. गावांची नावं आणि नद्या जुन्या पुस्तकात त्याच आहेत. मला हुआ लाम्फोंगला पाठवणारं ते पुस्तक मी परत आल्यावर आईला दिलं. पुढच्या वेळी मी लाओसला गेले तेव्हा तिने ते फोनशेजारी ठेवलेलं, मी पाक बेंग म्हटलं की ती पान काढायची आणि उलट मलाच सांगायची, अगं तिथे रात्री दिवे लवकर जातात, बॅटरी आहे ना. (आता जात नाहीत, पण मी काही बोलले नाही.) नंतर चाळताना बघितलं, मेकाँगच्या नकाशावर तिने पेन्सिलीने बारीक टिंबं दिलीयत, तारखांसकट, आणि पाक बेंगच्या पुढच्या टिंबाला लिहिलंय, फोन नाही, मग दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, आला, सर्दी झालीय.